चिंचेनं घासलेली राणी

इथं इंग्लंडात, लीड्सला, कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, दीड पौंडात एक पेनी घेतली होती. १८६१ ची, ब्राँझची, काळपट. व्हिक्टोरिया राणीचा अंबाडा दिसतो म्हणून इथले संग्राहक तिला ‘बन पेनी’ म्हणतात. घरी आणली आणि देवाची उपकरणी घासतो तशी चिंच-मीठ लावून लख्ख केली. नाण्यांच्या दुकानदारानं भिंगातून बघितलं, भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, “कशानं धुतलंत?” आता त्याला चिंच कशी समजावायची!

संग्राहकाला तो काळपटपणाच हवा असतो. राणीच्या केसांच्या बटा किती झिजल्यात, यावर भाव ठरतो. घासलेलं नाणं म्हणजे भाव गेलाच. आणि तसंही १८६१ च्या पेन्या कोटींनी पाडलेल्या, दीडशेहून जास्त वर्षं झाली म्हणून काय झालं?

याउलट १९३३ ची पेनी. त्या वर्षी बाजारात पेन्या इतक्या होत्या की नव्या पाडायची गरजच नव्हती. संग्रहालयांसाठी आणि इमारतींच्या पायाभरणीत पुरायला म्हणून मोजक्याच पाडल्या. आज सातेक माहीत आहेत. आमच्या लीड्समधल्या मिडलटनच्या चर्चखालची १९७० मध्ये चोरीला गेली. मग कर्कस्टॉलच्या चर्चखालचीही जाईल, या धास्तीनं रिपनच्या बिशपनी ती उकरून विकायलाच लावली! पायातली नाणी राखायला आता नागोबाच बसवायला हवा होता.

चांदीचं गणित वेगळं. १९२० पासून ब्रिटिश शिलिंगमधली चांदी साडेब्याण्णव टक्क्यांवरून पन्नासवर आली, १९४७ पासून शून्य. त्यामुळे १९२० च्या आधीचा शिलिंग कितीही झिजलेला असो, चांदीचे पैसे तरी सुटतात.

हे सगळं परवा मामाला फोनवर सांगत होतो. त्याला व्हॉट्सअॅपवर कुणीतरी कळवलंय की १८१८ चं, हनुमानाचं, ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं लाखांना जातं. ‘घेणारा’ आधी नोंदणी फी मागतोय. म्हटलं, मामा, कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही, हे देवळाबाहेर मिळणारे टोकन. आणि फी तर अजिबात भरू नकोस, रिझर्व्ह बँकेनंही २०२१ मध्ये अशा फसवणुकीबद्दल सावध केलंय.

मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, “बरं. पण मी चांगलं घासून ठेवलंय हं.”