डिफेन्सवाल्याला थ्री जमतच नाही? खुलासा

‘शूटर जन्मावा लागतो, डिफेन्स करणाऱ्याने थ्रीच्या नादी लागू नये’ असा मेसेज बास्केटबॉल खेळाडूंच्या ग्रुपांवर फिरतोय. (थ्री म्हणजे रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट.) तो चुकीचा आहे.

ब्रूस बोवेन घ्या. ओळख पक्क्या डिफेंडरची. 2002-03 च्या मोसमात थ्री बसण्याच्या टक्केवारीत तो एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, पहिला होता, 44.1. आणि त्याच मोसमात फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर कुणी न अडवता मारायचा शॉट? 40.4! याला जन्मजात शूटर कोण म्हणेल? त्याने कोर्टाचा कोपरा धरला. तिथे थ्रीची रेषा रिंगपासून 22 फुटांवर, रिंगसमोर माथ्यावर ती 23 फूट 9 इंच.

एनबीएतल्याच कवाय लेनर्डची कॉलेजातली थ्रीची टक्केवारी जेमतेम 25 होती. स्पर्स या एनबीए संघात शूटिंग कोच चिप एंगेलंड यांनी त्याची अख्खी शैली मोडली नाही. डोक्यावरून मागे जाणारा चेंडू थोडा खाली, पुढे आणला. पहिल्याच मोसमात टक्केवारी 37 च्या वर गेली.

मेसेजचा दुसरा भाग, ‘रोज पाचशे शॉट मारा, आपोआप बसतो’, हाही अर्धवटच. चुकीची पद्धत पाचशे वेळा घोटली तर चूकच पक्की होते. आधी रिंगजवळून एका हाताने, मग एक-एक पाऊल मागे. पास येण्याआधी गुडघे वाकलेले, हात तयार. थोडे शॉट मुद्दाम डिफेन्सिव्ह स्लाइडनंतर (गुडघे वाकवून बाजूला सरकण्याच्या सरावानंतर), दम लागलेला असतानाच मारा, कारण सामन्यात डिफेंडरचे पाय ताजे नसतातच. ड्रिबल करून मारायचे थ्री सध्या राहू द्या.