रक्तात यीस्ट, मग डोळ्याचा डॉक्टर कशाला?

"रक्तात बुरशी सापडली म्हन्ता, मंग डोयाचा डॉक्टर कायले आला?" नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या आयसीयूंबाहेर नातेवाईक मला हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. हल्ली आयसीयूतले तरुण डॉक्टरही तेच विचारतात, फक्त त्यांच्या हातात शोधनिबंध असतो.

आधी नातेवाइकांसाठी. कॅन्डिडा हे यीस्ट, म्हणजे बुरशीचाच एक प्रकार, आपल्या आतड्यात एरवी निमूट राहतं. पोटाचं मोठं ऑपरेशन, गळ्यातली सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, लांबलेल्या अँटिबायोटिक्स, शिरेतून दिलेलं पोषण, यातून ते रक्तात शिरतं. डोळ्याच्या पडद्यामागे कोरॉइड नावाचा थर असतो, त्यातून रक्त धो धो वाहतं. यीस्ट तिथे अडकलं की पडद्यावर पांढरट, कडा पुसट असलेले डाग येतात. पुढे ते आतल्या जेलीत, व्हिट्रियसमध्ये उतरलं की नजर धोक्यात येते.

आता वाद. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संस्थेची 2016 ची गाइडलाइन सांगते, रक्तात कॅन्डिडा सापडलेल्या प्रत्येकाचे डोळे पहिल्या आठवड्यात बाहुली मोठी करून तपासा. पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर त्या वर येईपर्यंत थांबा, कारण तोवर डाग नीट उमटत नाहीत. त्याच देशातली नेत्रतज्ज्ञांची अकादमी नंतर म्हणाली, सरसकट तपासणी नको, जेलीपर्यंत गेलेला संसर्ग 1 टक्क्याहूनही कमी जणांत सापडतो. तक्रार असेल तर बघा.

आकड्याशी माझं भांडण नाही. बहुतेक वेळा मलाही काहीच सापडत नाही. शिवाय बीपी, शुगर, रक्तक्षय यांनीही पडद्यावर पांढरे ठिपके आणि रक्तस्राव दिसतात. त्यांनाच बुरशी ठरवून डोळ्यात सुई घालणारे महाभाग आहेतच, त्यामुळे अकादमीची धास्ती पोकळ नाही.

पण "तक्रार असेल तर" हे कुणाबद्दल बोलतोय आपण? घशात नळी, वर गुंगीचं औषध. तो कसा सांगणार, डोळ्यापुढे जाळं आलंय म्हणून? मला विचाराल तर जो बोलू शकत नाही त्याचे डोळे बघायचेच. जो शुद्धीत आहे त्याला रोज नजरेबद्दल विचारा, मग तपासणी टाळल्याचं मला फारसं वाईट वाटणार नाही.

दुसरं कारण औषधाचं. कॅन्डिडासाठी आज पहिली पसंती कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन या गटाला. रक्तासाठी उत्तम, पण व्हिट्रियसमध्ये ती जेमतेम पोचतात. फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल पोचतात. म्हणजे रक्ताच्या कल्चर तपासणीत यीस्ट नाही, ताप उतरलेला, सगळे खूश, आणि डोळ्यात यीस्ट तसंच. डाग दिसला तर औषध बदलतं, मुदतही किमान 4 ते 6 आठवडे होते, कधी डोळ्यात इंजेक्शन किंवा व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे ती जेली काढायचं ऑपरेशन, लागते. कॅन्डिडा ऑरिस ही जात असेल तर आणखी पंचाईत, कारण फ्लुकोनॅझोलला तो बहुधा दादच देत नाही.

तपासणीत जिवाला धोका नाही. थेंब, वीसेक मिनिटं, डोळ्याचा पडदा बघायचा डोक्यावरचा ऑप्थॅल्मोस्कोप आणि हातात भिंग. डोळ्यावर सूज असली की सिस्टरला पापणी धरायला लावतो. फक्त थेंब घातल्याची वेळ केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहा! नाहीतर रात्रपाळीचा डॉक्टर टॉर्च मारतो, बाहुल्या मोठ्या आणि हलेनात, आणि मेंदूलाच काही झालं समजून पेशंट सीटी स्कॅनच्या वाटेला लागतो.

खरी काळजी डिस्चार्जनंतरची. आपल्याकडचा पेशंट गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याला परत जातो. काही आठवड्यांनी धूसर दिसायला लागलं की कुणी मोतीबिंदू म्हणतं, कुणी साधी सूज समजून स्टेरॉइड देतं, आणि नुसत्या स्टेरॉइडवर बुरशी फोफावते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर "रक्तात कॅन्डिडा होतं" ही ओळ मराठीत किंवा हिंदीत लिहून द्या. नातेवाइकांनो, नसेल तर मागून घ्या, आणि डोळ्याच्या डॉक्टरसमोर तो कागद आधी ठेवा.