चौथा गुण झाला की बाकीच्या मुली खेळाडू नसतात का?

डोकं फिरलंय माझं. चार दिवस झाले तरी राग जात नाही, म्हणून लिहितेय. अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसमध्ये मुलींची सांघिक अंतिम लढत बघायला जायचं, तिकीट काढायचं, दुपारभर उन्हात तळपायचं, आणि जी मॅच सगळ्यात रंगलीय तीच आपल्या डोळ्यांदेखत अर्ध्यावर बंद करताना बघायची. पाऊस नाही, कुणाला दुखापत नाही. नियम आहे म्हणून बंद.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी पद्धत सांगते. एका लढतीत एकूण सात गुण असतात. सुरुवातीला तीन दुहेरी सामने एकाच वेळी होतात, सहा गेमचा एकेकच सेट, आणि त्यातले दोन जिंकणाऱ्या संघाला सगळ्याचा मिळून एक गुण. मग सहा कोर्टांवर सहा एकेरी, सगळे एकदमच सुरू. प्रत्येक मॅचचा एक गुण. ज्याचे चार आधी होतील तो संघ जिंकला. इथपर्यंत मला काही म्हणायचं नाही, उलट ही पद्धत फार जिवंत आहे. एका कोर्टावर ओरडा झाला की दुसऱ्या कोर्टावरची मुलगी मूठ आवळते, प्रेक्षक सारखे माना वळवत असतात, विम्बल्डनसारखी चिडीचूप शांतता नसते. पण चौथा गुण पडला रे पडला की उरलेल्या सगळ्या कोर्टांवरचा खेळ तिथल्या तिथे थांबवतात. दुहेरीतही तेच. दोन मॅच एका संघाने घेतल्या की तिसरी गेली. स्कोअर काय, सेट कितवा, कोण सर्व्हिस करतंय, कशाशी काही घेणंदेणं नाही.

त्या दिवशी एका कॉन्फरन्सची, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या एका गटाची, अंतिम लढत होती आणि मी पाच नंबरच्या कोर्टामागे बसले होते. मुद्दाम तिथेच बसले होते. एक नंबरवर संघातली सगळ्यात ताकदीची मुलगी खेळते आणि क्रमाने सहापर्यंत उतरत जातात, त्यामुळे गर्दी एक-दोनपाशी असते. पण चुरस बहुतेक वेळा खालच्या कोर्टांवर बघायला मिळते. पाचवर एक डावखुरी मुलगी होती, हातात दिलेल्या कागदावर बघितलं तर चौथ्या, म्हणजे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची. पहिला सेट तिने ४-६ असा घालवला. दुसरा ७-५ असा खेचून आणला. तिसऱ्यात २-५ अशी मागे पडली आणि तिथून एकेक गेम काढत ५-५ केलं. दोन वेळा तर चाळीस-चाळीसवर गेम वाचवला, आणि कॉलेज टेनिसमध्ये चाळीस-चाळीसला अ‍ॅडव्हान्टेज नसतो, एकाच पॉइंटवर गेमचा निकाल लागतो, म्हणजे त्या दोन्ही वेळा तिच्या हातात एकच संधी होती. समोरची मुलगीही तोडीस तोड. घामाने दोघींचे चेहरे लाल झालेले, बॉल टप्पा घेऊन वर आला की बूट करकरत होते. आजूबाजूचे आम्ही दहा-पंधरा जण श्वास धरून बसलो होतो.

आणि तिने सर्व्हिससाठी बॉल वर टाकायच्या आत तिकडे दोन नंबरवर आरडाओरडा झाला. चौथा गुण. जिंकलेल्या संघाच्या मुली सगळीकडून धावत सुटल्या आणि एकमेकींच्या अंगावर जाऊन पडल्या. पाच नंबरवर जी समोर खेळत होती ती जिंकलेल्या संघातली, तिने रॅकेट टाकली आणि तीही पळाली. तिचा आनंद मी समजू शकते, तिला मी काहीच म्हणत नाही. पण ही डावखुरी बॉल हातात धरून बेसलाइनवर उभी. हस्तांदोलन करायलासुद्धा समोर कुणी नाही. पंच उंच खुर्चीवरून उतरल्या आणि निघून गेल्या.

कागदावर या मॅचपुढे काय लिहिलं जातं माहितीये? अनफिनिश्ड. जिंकली नाही, हरली नाही, तिच्या हंगामाच्या जयपराजयात ही मॅच धरलीच जात नाही. अडीच तास जे काही केलं ते हिशेबातच नाही. चौथ्या वर्षाच्या बहुतेक मुली पुढे व्यावसायिक टेनिस खेळत नाहीत. नोकरीला लागतात, पुढचं शिकतात. लहानपणापासून पहाटे उठून केलेल्या खेळातली शेवटची किंवा शेवटून दुसरी मॅच, आणि तिला निकालच नाही! पंगतीत चौघांची जेवणं झाली म्हणून बाकीच्यांच्या पुढ्यातली ताटं उचलावीत, तसला हा प्रकार आहे, आणि आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर लोकांनी यजमानाला गावात तोंड दाखवू दिलं नसतं.

मी उठलेच नाही. नवरा म्हणाला, ‘‘अगं चल, निकाल लागला ना.’’ कसला निकाल? संघाचा लागला. त्या दोघींचा कुठे लागला? त्याला वाटलं मी उन्हाने वैतागलेय. ऊनही होतंच. सावलीची जागा नाही, पारदर्शक पिशवी नसेल तर आत सोडत नाहीत, घरची पाण्याची बाटली गेटवर काढून घेतात आणि आतली बाटली घ्यायची तर चौपट पैसे. एका टोकाला बसलं तर तीनच कोर्टं दिसतात, उरलेल्या तीनवर काय चाललंय ते फोनवर बघायचं. हे सगळं मी सहन केलं असतं. करतेच दरवर्षी. पण मॅच पूर्ण बघायला मिळावी ही अपेक्षासुद्धा जास्त आहे का?

शेजारचे एक गृहस्थ मला समजावत होते की पुढच्या सामन्यासाठी खेळाडू दमू नयेत, कोर्टं मोकळी व्हावीत, म्हणून हा नियम. उपांत्य फेरीपर्यंत मी हे मान्य करते. दुसऱ्या दिवशी परत खेळायचं असतं, पाय भरून आलेले असतात. पण अंतिम लढत आहे ही! दुसऱ्या दिवशी कुणालाच खेळायचं नाही. कोर्ट कुणासाठी मोकळं करताय? गंमत म्हणजे साध्या हंगामात दोन्ही प्रशिक्षकांनी आपसात ठरवलं तर लढत निकाली निघाल्यावरही उरलेल्या मॅच खेळवतात. म्हणजे जिथे फारसं काही पणाला नाही तिथे खेळता येतं, आणि जिथे वर्षभराची मेहनत पणाला लागलीय तिथे रॅकेट खाली ठेवायची. याला काय अर्थ आहे?

दुसरं कारण देतात वेळेचं. लढती लांबतात, टीव्हीवर दाखवता येत नाहीत, प्रेक्षक कंटाळतात. याच कारणासाठी दहा वर्षांपूर्वी अ‍ॅडव्हान्टेज काढून टाकला, दुहेरीचा सेट आठ गेमवरून सहावर आणला. प्रेक्षक कोण? मी प्रेक्षक आहे. मला कुणी विचारलं नाही. पाचव्या कोर्टामागे बसलेल्या आमच्यातल्या एकालाही कंटाळा आलेला नव्हता.

सांघिक टेनिस जगात इतरत्रही होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात बालेवाडीला बिली जीन किंग कपच्या, म्हणजे महिलांच्या देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेच्या, आशिया-ओशनिया गटाच्या लढती झाल्या. दोन एकेरी, मग दुहेरी, एकामागून एक. अशा पद्धतीत लढतीचा निकाल आधीच लागला तर फार तर पुढची मॅच सुरू होत नाही. चालू मॅचमध्ये मुलीच्या हातातून बॉल काढून घेत नाहीत.

आणि टेनिसमध्ये पहिला सेट गेल्यावर काय काय होऊ शकतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून याच कॉलेज टेनिसमध्ये खेळली. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीची अंतिम मॅच, समोर तैपेईची जोडी, पहिला सेट २-६ असा गेलेला. दुसरा ६-३, आणि निर्णायक टायब्रेक १०-४. सुवर्णपदक. मागे पडून परत येणं हाच या खेळाचा जीव आहे, आणि तुम्ही नेमकं परत आलेल्या मुलीला थांबवता.

मुलांच्या लढतीतही हाच नियम आहे, मला ठाऊक आहे, आणि तिथेही तो तितकाच वाईट आहे. पण मुलींच्या बाबतीत मला जास्त लागतं त्याला कारण आहे. अमेरिकेत कॉलेजच्या मुलांची राष्ट्रीय टेनिस स्पर्धा १८८३ पासून चालू आहे. एनसीएएने, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, मुलींसाठी अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली ती १९८२ मध्ये, शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेद करायचा नाही हा कायदा होऊन दहा वर्षं झाल्यावर. इतक्या उशिरा कोर्टावर जागा मिळालेल्या मुलींनी ती जागा किती कमावलीय! डॅनियल कॉलिन्स कॉलेजमधून दोनदा एकेरीची विजेती झाली आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत खेळली. एमा नॅव्हारो २०२१ ची कॉलेज विजेती, २०२४ मध्ये अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत. पाच नंबरवरची मुलगी तिथवर जाणार नाही, मान्य. म्हणून तिची मॅच कमी मोलाची ठरते का?

मागणी फार मोठी नाही. अंतिम लढतीत चौथा गुण झाल्यावर संघांना पाच मिनिटं आनंद करू द्या, करंडक नंतर द्या, आणि ज्या मॅच तिसऱ्या सेटमध्ये आहेत तेवढ्या तरी पूर्ण खेळवा. दोन मुलींनी नको म्हटलं तर थांबवा, पण आधी त्यांना विचारा तरी. मी आयोजकांना पत्र पाठवलंय आणि आता प्रशिक्षकांच्या संघटनेलाही लिहिणार आहे. ज्यांच्या मुली, भाच्या, पुतण्या इकडे स्कॉलरशिपवर खेळतात त्यांनीही लिहा. खालच्या कोर्टांवर खेळणाऱ्या मुलींच्या आईबाबांनी तर नक्कीच लिहा, कारण हंगाम संपला की हे सगळे विसरून जातात आणि पुढच्या एप्रिलमध्ये परत तेच होतं.