दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर, आणि रविवारचे कार्यक्रम का चालूच राहणार

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मोठा लिहिलाय, म्हणून मी पण जरा सविस्तरच लिहिते. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना तुम्ही फॅमिलीला घेऊन मुद्दाम वाईत थांबलात, तिकीट काढून आमच्या म्युझियममध्ये आलात तर रविवारचा कार्यक्रम चालू होता, मोठ्या हॉलमध्ये बायका जात्याभोवती बसून ओव्या म्हणत होत्या आणि गर्दीमुळे धड काही बघता आलं नाही. शिवाय तलवारी नाहीत, पितळेच्या भांड्यांखाली पाटी नाही, मोडी लिपीच्या वर्गाला फी लावून पैसे काढतात, हे कार्यक्रम बंद करा, आणि शेवटचं वाक्य असं की "ओळखीच्या बायका गोळा करून टाइमपास चाललाय, याला म्युझियम म्हणायचं का".

त्या शेवटच्या वाक्यासाठीच मी उत्तर लिहायला बसले, पण आधी बाकीचं.

तलवारींचं सरळ सांगते, आमच्याकडे नाहीत आणि आम्ही आणणारही नाही. हत्यारं बघायची असतील तर साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय इथून फार लांब नाही, २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आलेली वाघनखं तिथेच ठेवली होती. मुलांना घेऊन जरूर जा. आमचं म्युझियम एका जुन्या वाड्याच्या खालच्या मजल्यावर आहे आणि त्यात वाई आणि आजूबाजूच्या गावांमधल्या घरातल्या वस्तू, कागद आणि फोटो आहेत. दाराशी बोर्डावर हेच लिहिलंय.

आता हे असं का, ते वाईचाच इतिहास बघितला तर कळेल. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांना पानिपतच्या लढाईच्या काळातली पत्रं मिळाली ती वाईतल्याच एका घरात, आणि त्यातून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. म्हणजे आज आपण पानिपतबद्दल जे एवढं बोलतो त्यातलं कितीतरी या गावातल्या रुमालांत बांधून पडलेलं होतं. तसंच इथून जवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, तिथलं दप्तर, म्हणजे जुने कागद, इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांच्या हाती आलं आणि ते आज पुण्यात डेक्कन कॉलेजात आहे. पारसनीसांनी साताऱ्याला उभं केलेलं ऐतिहासिक संग्रहालयसुद्धा १९३९ साली तिकडेच हलवलं. माझी त्याबद्दल अजिबात तक्रार नाही, ते कागद तिथे गेले म्हणून वाचले, नाहीतर वाळवीने खाल्ले असते. पण त्याचा अर्थ असा की मोठ्या लोकांचा इतिहास गावातून जाऊन जागेवर लागला, आणि गावात मागे राहिलं ते जातं, पाटा, मापटं, हळदीच्या हिशोबाच्या वह्या, लग्नातले फोटो. ते न्यायला कोणी आलं नाही. ते बघायला तुम्ही तिकीट काढलंत.

आणि या वस्तूंची अडचण अशी आहे की त्यांच्याबद्दल कुठल्याही खंडात काही छापलेलं नाहीये. जे माहीत आहे ते सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसांना माहीत आहे, आणि ती माणसं एकेक करून जातायत. म्हणून कार्यक्रम. आम्हाला गर्दी जमवायची हौस आहे म्हणून नाही, तर या वस्तू काय आहेत हे कळायचा दुसरा रस्ताच नाही म्हणून.

तुम्ही ज्या दिवशी आलात त्याचंच घ्या. हॉलमध्ये जे जातं होतं त्याच्याजवळच्या चिठ्ठीवर नुसतं "दगडी जातं" आणि गावाचं नाव होतं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एक आजी त्याच्याजवळ बसल्या, वरची तळी उचलायला लावली आणि आतल्या टाक्या, म्हणजे छिन्नीने पाडलेल्या खाचा, बोटाने चाचपून म्हणाल्या की हे पिठाचं नव्हे, डाळी भरडायचं आहे, भाकरीचं पीठ यावर दळायला घेतलं तर भरडच पडेल. मग त्यांनी शेजारचं दुसरं जातं निवडलं, एक पाय लांब एक दुमडून बसल्या, डाव्या हाताने वैरण, म्हणजे मूठभर धान्य, टाकली आणि खुंटा धरला. तोपर्यंत "मला काय येतंय आता, सगळं विसरले" असं चाललं होतं. दगड फिरायला लागला आणि ओवी आली. बसून विचारलं असतं तर एकही आली नसती, मी विचारून बघितलंय, नाही येत. हाताला गती मिळाल्याशिवाय ती ओवी तोंडात येतच नाही. भावाची, माहेरच्या वाटेची, पंढरीची, आणि नवऱ्याच्या मारहाणीचीसुद्धा, जी त्या बायकांनी दिवसा कोणासमोर कधी बोलून दाखवली नसती ती पहाटे दळताना म्हणायच्या. गिरणी गावात आली, हाताचे कष्ट वाचले ते फार बरं झालं, पण त्याबरोबर म्हणायची जागाही गेली.

हे काही मी एकटी म्हणत नाहीये. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांत बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर कोणालाही फुकट वाचता येतात, काही ऐकताही येतात. एक लाख! आणि त्या रचणाऱ्या बायकांमधल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा "ओळखीच्या बायका गोळा करून टाइमपास" हे वाक्य मला पटत नाही, आणि ते तसंच रिव्ह्यूमध्ये पडून राहावं असं मला वाटत नाही. त्या बायका शेतातलं काम टाकून एसटीने येतात, त्यांना आम्ही मानधन देतो आणि जेवण देतो, आणि त्यांची परवानगी घेऊनच रेकॉर्डिंग करतो. त्या दिवशी हॉलमध्ये बघण्यासारखं जे होतं ते त्याच होत्या. काचेच्या पेटीतलं जातं तुम्हाला मंगळवारी पण दिसलं असतं.

पितळेच्या भांड्यांबद्दल. तुम्ही लिहिलंय "फ्लॉवरपॉटसारखी भांडी, खाली नाव नाही". ती मापं आहेत सर, धान्य मोजायची. शेर, त्याच्या अर्धं मापटं, त्याच्या अर्धं चिपटं, आणि चार शेरांची पायली. पाटी आम्ही मुद्दाम उशिरा लावतो, कारण वरून सारखी दिसणारी दोन मापं दोन गावांची असतील तर त्यात बसणारं धान्य सारखं नसतं. १९५६ चा वजनमापांचा कायदा येऊन किलो-लिटर रुळेपर्यंत शेरसुद्धा जागोजागी वेगळा होता. म्हणून एका रविवारी आम्ही सगळी मापं टेबलावर मांडली, एक पोतं जोंधळा आणला आणि म्हाताऱ्या शेतकऱ्यांना बोलावलं. शाळेतली पोरं मापं भरत होती, सपाट करत होती आणि काट्यावर वजन करून वहीत लिहीत होती. तेवढ्यात एक आजोबा उठले, त्यांनी तेच माप घेतलं, वर हाताने सावकाश धान्य सोडत शीग लावली आणि म्हणाले आता वजन करा. फरक बघून पोरं गप्पच झाली. आजोबा म्हणाले आमच्याकडनं घेताना अशी शीग लावून घ्यायचे आणि आम्हाला देताना बोट फिरवून सपाट. एवढंच बोलले आणि खाली बसले. हे तुम्ही कुठल्या पाटीवर लिहिणार? आम्ही आता लिहितोय, त्यांच्याच शब्दात, पाटी रंगवायला दिलीये.

पोरं वस्तूंना हात लावतात हा पण तुमचा एक मुद्दा होता. टेबलावर ठेवलेल्या वस्तू हात लावण्यासाठीच असतात, ज्या एकापेक्षा जास्त आहेत आणि दणकट आहेत त्याच तिथे असतात. कागद आणि फोटो काचेखाली किंवा कपाटात असतात, त्यांना कोणी हात लावत नाही, मी पण हात धुऊन पुसल्याशिवाय लावत नाही.

मोडीच्या फीचं सांगते. या म्युझियमला कुठलंही अनुदान नाही, तिकीट, वर्गाची फी आणि कोणी स्वतःहून दिलेली देणगी यावर लाइटबिल निघतं. मोडीच्या फीमधून शिकवणाऱ्या सरांचं मानधन, झेरॉक्स, बोरू, शाई, आणि उरलं तर जुने कागद ठेवायची अॅसिड-फ्री फोल्डर घेतो, ती स्वस्त मिळत नाहीत. आणि मोडी ही काही नुसती हौस नाहीये हो. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला कळलं की मोडीतले जुने कागद आहेत पण वाचणारी माणसं नाहीत. आमच्या वर्गात रिटायर्ड तलाठी येतात, कॉलेजच्या मुली येतात, घरातल्या ट्रंकेत आजोबांचे कागद सापडलेले लोक येतात. आधी रेघ ओढायची आणि मग तिच्यावरून हात न उचलता अक्षरं सोडत जायची हे जमायला लागलं की त्यांचे चेहरे बघावेत. महिना मोहरम की सफर, साल अरबी शब्दांत, मग ते इंग्रजी तारखेत बसवायचं, यात दोन तास कसे जातात कळत नाही. ज्याला फी परवडत नाही त्याच्याकडून घेत नाही, हे फॉर्मवरच छापलंय.

अजून एक कार्यक्रम असतो तो तुमच्या रिव्ह्यूत नाही पण मला त्याबद्दल लिहायचंय, फोटोंचा. लोक घरचे जुने फोटो आणतात, आम्ही त्यांच्यासमोर स्कॅन करतो आणि मूळ फोटो लगेच परत देतो. वाईजवळच्या धोम धरणात ज्यांची घरं आणि जमिनी गेल्या ती माणसं दुसऱ्या तालुक्यांत जाऊन वसलीयेत, त्यांच्यातले काहीजण यासाठी येतात. गावाचा म्हणून फोटो कोणाकडेच नसतो, कोण काढणार तेव्हा. पण लग्नाचा असतो. एका लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या मागे दरवाजा आणि ओट्याचा कोपरा दिसत होता, त्यावरून चारजणांनी मिळून ती आळी कागदावर काढली, इथे आमचं घर, इथे चावडी, इथून नदीची वाट. भांडले पण, विहीर कोणाच्या बाजूला होती यावरून. तो नकाशा आम्ही फ्रेम करून लावलाय, दारातून आत आलं की डाव्या हाताला, विहिरीपाशी दोन्ही बाजूंची नावं आहेत कारण ते भांडण अजून मिटलेलं नाही.

तर कार्यक्रम बंद करा ही तुमची सूचना मला मान्य नाही. रविवारीच का, तर शाळा बंद असते आणि नोकरीवाले घरी असतात. कार्यक्रम दुपारी २ ते ५ असतो, तो दाराशी आणि आमच्या गूगल पेजवर आठवडाभर आधी टाकलेला असतो. रविवारी सकाळी किंवा इतर दिवशी आलात तर हॉल मोकळा असतो आणि मी स्वतः सगळं दाखवते, घाई करत नाही. तुमचं त्या दिवसाचं तिकीट तसंच चालेल, फोन करून या म्हणजे मी असेन. गणपती घाटाकडे गाडी नेऊ नका, सुट्टीच्या दिवशी तिथून बाहेर पडायला फार वेळ जातो, अलीकडेच लावून चालत या.

आणि एक विनंती आहे. तुम्ही लिहिलंय की असली भांडी आमच्या पण माळ्यावर पडलीयेत, त्यात बघण्यासारखं काय. सर, ती भंगारात घालू नका. घरात आई किंवा आत्या असतील तर त्यांना विचारा की हे कुठल्या गावचं, यात काय मोजायचे आणि कोण मोजायचं, आणि ते एका कागदावर लिहून भांड्यातच ठेवा. आम्हाला द्या असं म्हणत नाही. फक्त एक फोटो पाठवा, आणि तळाला किंवा काठाला शिक्का असेल तर त्याचा जवळून एक वेगळा.

— म्युझियमची चालक, वाई