मामा, नळी लोहाराकडे नेऊ नकोस

कळव्याचा आमचा मामा दर शनिवारी काहीतरी फॉरवर्ड करतो. मेथीच्या पाण्यापर्यंत मी गप्प बसले. परवा आलं ते 'मावळ्यांच्या ठासणीच्या बंदुकीची पाच रहस्यं, इंग्रजांनी लपवलेली'. खाली मामाचा प्रश्न: "गणपतीला गावी जातोच आहे, आपल्या बंदुकीवर करून बघू?" गावच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची जुनी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, बंदूक आहे, थोरल्या मामाच्या नावावर. म्हणून हा खटाटोप.

सुरुवातच अशी, की पाचशे पावलांवर गोळी हमखास लागायची आणि ठाण्याचा किल्ला त्यामुळेच पडला. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला, हे खरं. (आज तिथे जेल आहे.) पण पाचशे पावलं? जॉर्ज हँगर या ब्रिटिश कर्नलने १८१४ मध्ये आपल्याच फौजेच्या बंदुकीबद्दल लिहून ठेवलंय: ८० यार्डांवर माणूस टिपता येईल, फार तर १०० वर, २०० यार्डांवर नेम धरायचा तर चंद्रावर धरलेला काय वाईट! लपवतायत कसले, स्वतःची अब्रू स्वतःच काढतायत. त्या बंदुकीची नळी आतून पाऊण इंची आणि गोळी जेमतेम ०.६९ इंचाची. ती आत आपटत येते आणि शेवटचा धक्का जिकडून बसेल तशी भरकटते.

आता रहस्य क्रमांक तीन. 'कारागीर नळीला किंचित बाक देत, त्याने गोळी फिरते आणि रायफलसारखी सरळ जाते.' मामा लोहार शोधायला निघालाय तो यासाठी. अरे, हे करून झालंय, अठराव्या शतकातच! बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने नळीचं तोंड डावीकडे वाकवलं, वाटेत कागदाचे पडदे लावले आणि बार काढले. गोळी डावीकडे निघाली आणि पुढे उजवीकडे वळली. नळीच्या उजव्या अंगाला घासत आल्याने तिला गिरकी मिळाली, त्या गिरकीनेच तिला वळवलं. रायफलची गोळी भोवऱ्यासारखी आपल्या वाटेच्याच आसाभोवती फिरते. ही फिरते सेंट्रल मैदानावरच्या स्पिनरच्या चेंडूसारखी, आणि तो हवेत सरळ जात नाही हे मामालाही ठाऊक आहे. (हा रॉबिन्स पुढे कंपनीच्या नोकरीत इकडे आला आणि १७५१ मध्ये फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.)

बाक निदान हास्यास्पद आहे. चौथं रहस्य हात घालवेल: 'दारू दुप्पट घाला, आणि दारू व गोळी यांत चार बोटं पोकळी ठेवा, हवेचा दाब तयार होतो.' गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये जागा राहिली की पेटलेल्या दारूपुढे ती गोळी म्हणजे नळीतला अडथळा. नळी फुगते, नाहीतर फुटते. डावा हात त्याच नळीखाली असतो. दुप्पट दारूने धक्का वाढतो, नेम नाही.

अमावास्येला गोळी ओतण्याच्या रहस्याबद्दल मी काही बोलत नाही.

राहिली फॉरवर्डमधली गोळीभोवतीची चिंधी. नाइलाजाने सांगते, ती खरी. तेल लावलेल्या कापडात बसवलेली गोळी जास्त सरळ जाते, कारण मोकळी जागा भरून निघते. दर बाराला दारू मोजून तेवढीच, मध्ये नळी पुसणं, गोळीच्या पोटात हवेची पोकळी नसणं, यानेही फरक पडतो. पण ते सगळं पन्नास-साठ पावलांपुरतं, आणि जगभरच्या शिकाऱ्यांना ठाऊक असलेलं.

हे थोरल्या मामालाही पाठवलं. त्याने बंदुकीच्या खोलीला कुलूप घातलं. धाकट्याचं उत्तर आलं: "बरं. पण चिंधी सुतीच ना?"