मिठाचं पाणी पाजून ओव्हरडोस उतरत नाही

'नशा जास्त झाली तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढा आणि झोपू द्या, सकाळी उतरेल' हा व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला जिवावर बेतणारा आहे. गर्द (हेरॉइन) किंवा अफूजन्य गोळ्या जास्त झाल्या की श्वास मंदावत जातो. ओठ निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घशातून घरघर येते. घरच्यांना वाटतं, गाढ झोपलाय. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. नॅलोक्सोन या अफूजन्य नशेवरच्या उताऱ्याच्या इंजेक्शनने श्वास परत येऊ शकतो, पण त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो. शुद्ध आली म्हणून लगेच घरी आणू नका.

व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्यांना तर फारच जपा. शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे जुनाच डोस जीवघेणा ठरू शकतो.

आणि 'उपचाराला गेलं की अटक' हेही सरसकट खरं नाही. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाचा गुन्हा असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार पूर्ण केले, तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देतं. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मोफत.