डॉक्युमेंट्री बघून मी मुलगा झालो नाही

गेल्या आठवड्यापासून एक मेसेज सोलापुरातल्या अर्ध्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी टाकला, कारखान्याच्या ग्रुपवर दोघांनी टाकला. त्यात लिहिलंय की लिंगबदलाच्या डॉक्युमेंट्री बघून चांगल्या घरच्या पोरी मुलगा व्हायला निघाल्यात, हे परदेशी फॅड आहे, मानसिक आजार आहे, चार दिवसांत ऑपरेशन होतं, लोक सवलतींसाठी करतात आणि नंतर सगळे पस्तावतात, म्हणून पोरांच्या हातातले मोबाईल काढून घ्या. जन्माच्या दाखल्यावर मी मुलगी होतो, आज 36 वर्षांचा ट्रान्स पुरुष आहे, टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, आणि अशी एक डॉक्युमेंट्री मी खरंच बघितलीय, तीन वेळा. म्हणून गप्प बसवत नाहीये.

डॉक्युमेंट्री बघून होतं म्हणे. 1998 च्या संक्रांतीला मी होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत हरवलो. आठ वर्षांचा होतो, उवा झाल्या म्हणून केस बारीक कापलेले, अंगात चुलतभावाचा जुना निळा शर्ट, तो मी हट्टाने घातलेला. एका पोलीसकाकांनी हात धरून माईकवाल्या मंडपात नेलं आणि नाव विचारलं. मी मुलाचं नाव सांगितलं. ठरवून नाही, कुणी शिकवलेलं नाही, तोंडातून तेच आलं. मग 'निळ्या शर्टातला मुलगा सापडलाय' असं तासभर माईकवरून सांगत होते आणि आई पाळण्यांपाशी पोरगी शोधत रडत फिरत होती. घरी आल्यावर मार बसला. तेव्हा आमच्याकडे दूरदर्शन सोडून चॅनेल नव्हतं, मोबाईल तर गल्लीत कुणाकडेच नव्हता, मग ते नाव मला कुठल्या फिल्मने शिकवलं?

डॉक्युमेंट्री बघितली 2017 ला, म्हणजे त्यानंतर 19 वर्षांनी, रात्री स्वयंपाकघरात इअरफोन लावून. परदेशातला एक मुलगा होता, तो दर महिन्याला कॅमेऱ्यासमोर बसून एकच वाक्य बोलायचा, हार्मोन सुरू केल्यावर आवाज कसा खाली उतरत गेला ते ऐकवायला. तिथे मी फुटलो. कारण मी दिवसभर सूतवाल्यांशी फोनवर बोलायचो, प्रत्येक जण 'हां मॅडम, बोला मॅडम' म्हणायचा, आणि फोन ठेवल्यावर मला पाच-दहा मिनिटं काही सुचायचं नाही, म्हणून जमेल तिथे मी फोन टाळून मेल करायचो आणि आपण असं का करतो हे मलाच माहीत नव्हतं. त्या रात्री कळलं. बाकी त्याचं नि माझं काहीच सारखं नव्हतं. त्याचे वडील त्याला गाडीतून हॉस्पिटलला सोडायचे. थंड देश, स्वेटरच्या आत छाती दाबायचा नीट शिवलेला बाइंडर. इथे मे महिन्यातला 43 डिग्रीचा सोलापूर आणि मी क्रेप बँडेज आवळून ऑफिसला जायचो, घामोळ्या, बरगड्या दुखायच्या. (कुणी आज असं करत असेल तर कृपा करून करू नका, ते बँडेज आवळत जातं, श्वास अडकतो, बरगडीला इजा होते.) तरी तो माणूस मला सख्ख्या भावासारखा वाटला. माझ्याआधी कुणीतरी यातून गेलंय आणि यासाठी डॉक्टर असतात, एवढं त्याच्यामुळे कळलं.

आता परदेशी फॅड. शिखंडीची गोष्ट आपल्याच महाभारतात आहे, द्रुपदाच्या घरी मुलगी म्हणून जन्मलेला. यल्लमाचे साडी नेसलेले जोगते सोलापुरात कुणी बघितले नाहीत? आणि परदेशातलंच बघायचं तर तेही फॅड म्हणण्याइतकं नवं नाही. मायकेल डिलन नावाचा इंग्रज डॉक्टर, जन्म 1915 चा, मुलगी म्हणून वाढवलेला, त्याने 1939 च्या सुमारास टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घ्यायला सुरुवात केली. पुढे भारतात आला, बौद्ध भिक्षू झाला आणि 1962 ला डलहौसीला वारला.

त्याच डिलनवर 1946 ते 1949 मध्ये हॅरॉल्ड गिलीज या सर्जननी किमान 13 शस्त्रक्रिया केल्या. बीडचे कॉन्स्टेबल ललित साळवे आपल्या सगळ्यांना माहितीयत, त्यांचीही 2018 पासून टप्प्याटप्प्यानेच झाली. चार दिवसांत कुणाचं होतं? माझं सांगतो. आधी कित्येक महिने मानसोपचारतज्ज्ञांकडे, दर वेळी हुतात्मा एक्स्प्रेसने पहाटे पुण्याला आणि संध्याकाळी परत. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आधारवर वय बघितलं आणि सांगितलं की 18 च्या आतल्या कुणाला मी इंजेक्शन देत नाही. मग दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, ठराविक महिन्यांनी रक्ताच्या तपासण्या, कारण टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होऊ शकतं. आवाज तिसऱ्या महिन्यापासून फाटायला लागला, दाढी नीट यायला दोन वर्षं. छातीचं ऑपरेशन त्यानंतर, भिशीच्या आणि पीएफच्या पैशातून.

मानसिक आजार म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 ला मंजूर केलेल्या आजारांच्या नव्या यादीत हे मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढलंय, यादी 2022 पासून लागू आहे. आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने 15 एप्रिल 2014 लाच सांगितलं की आपली लिंगओळख ठरवायचा हक्क ज्याचा त्याला आहे.

सवलतींचं वाचून मात्र राग आला. मामा, मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मी पूर्ण काढतो. सरकारी नोकरीतलं महिलांचं 30 टक्के आरक्षण माझ्यासाठी गेलं. माझ्या हातातून गेलं ते हे, आलं काय ते दाखवा.

पस्तावा होणारे लोक आहेत, ते नाकारणार नाही, त्यांचं दुःख खरं आहे आणि त्यांनाही तेवढेच चांगले डॉक्टर मिळायला पाहिजेत. पण 'सगळे'? 2021 ला 27 अभ्यास एकत्र करून 7,928 लोकांची पाहणी छापली गेली, त्यात ऑपरेशननंतर पस्तावलेले साधारण 1 टक्का निघाले. त्यातल्या काही अभ्यासांनी लोकांना फार वर्षं पुढे बघितलेलं नाही, म्हणून आकडा थोडा वाढेलही असं धरा. तरी 'सगळे' होत नाही.

राहिला मोबाईल. मला काहीच बघायला मिळत नव्हतं त्या वर्षांत मी बारावीला दोनदा नापास झालो, दोन स्थळं परतवली, घरी महिनोन्‌महिने कुणाशी बोललो नाही. ती डॉक्युमेंट्री तिसऱ्यांदा बघितली ती आईसोबत, तिला मराठीत सांगत सांगत. संपल्यावर ती बराच वेळ शेंगा सोलत बसली, मग विचारलं, गड्ड्यात तू माईकवाल्याला कुठलं नाव सांगितलं होतंस. मी सांगितलं, आज आधारवर आहे तेच.

"ते मी ऐकलं होतं रे," ती म्हणाली, "तीन-चारदा ऐकलं. मला वाटलं दुसऱ्या कुणाचं तरी पोरगं हरवलंय, त्याची आई कुठं फिरत असेल बिचारी."